पालथा कप

आमच्या घरात बोलायला नंबर लागायचा. हे मी अलंकारिक अर्थाने लिहीत नाही. टेबलावर एखाद्याचं बोलणं दुसऱ्याने मध्येच तोडलं, की ज्याचं तुटलं त्याने आपला कप पालथा घालायचा. तोडणाऱ्याचं जे काही तातडीचं असेल ते संपू द्यायचं, पण त्यानंतर नवा विषय कुणी काढायचा नाही. आधी पालथ्या कपाचं बोलणं, तेही पहिल्यापासून, आणि मग बाकीचं जग. "आधी अडलेलं, मग नवं," असं म्हणून बाबा चमच्याने टेबलावर ठोकायचे, न्यायाधीशासारखे.

माझी एक मैत्रीण पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा तिने आणखी चहा नको म्हणून कप पालथा घातला. आम्ही तिघंही बोलायचं थांबून तिच्याकडे बघत बसलो. आपल्या हातून काहीतरी भयंकर घडलं असं वाटून बिचारी रडकुंडीला आली. शेवटी बाबा अदबीने म्हणाले, "बोला."

बाबांना जाऊन सात महिने झाले. ते गेल्यावर मी माझं घर बंद करून आईकडे राहायला आले. माझं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, बसने चाळीस मिनिटं. आई एकटी पडेल, तिला सोबत हवी, असं मी सगळ्यांना सांगितलं. आईला विचारलं नाही. अशा गोष्टी विचारायच्या नसतात असा माझा समज होता.

मी वाचणारी बाई आहे. दुःखावर जे जे हाताला लागलं ते मी समासात खुणा करत वाचून काढलं. जोडीदार गेल्यावर माणसं विसरभोळी होतात, असं त्यात दोन ठिकाणी होतं. त्यामुळे कामावरून आल्यावर आईच्या जागेसमोर टेबलावर पालथा पडलेला कप पहिल्यांदा दिसला तेव्हा मनात म्हटलं, झाली सुरुवात. धुतलेला कप टेबलावरच निथळत ठेवते आणि विसरते. मी काही न बोलता तो पुसून फळीवर ठेवला आणि एका वहीत तारीख लिहिली. पुढेमागे डॉक्टरांना दाखवता येईल. दीड महिन्यात वहीत एकोणतीस तारखा झाल्या.

वाचणाऱ्याच्या लक्षात एव्हाना आलं असेल. माझ्या आलं नव्हतं. पालथ्या कपाचा नियम बाबांचा, बाबा गेले तेव्हा तोही गेला, अशी माझी पक्की समजूत होती.

ती समजूत अगदीच निराधार नव्हती. बाबा गोदीत रेडिओ विभागात होते आणि त्यांचं कामच मुळी नंबर लावण्याचं होतं. धक्क्यावरच्या प्रत्येक क्रेनवर एक रेडिओची पेटी असते. टॉवरशी बोलायला तिला दर अर्ध्या सेकंदाला एक संधी मिळते आणि एका संधीत एकच निरोप जातो. क्रेनला मात्र सांगायचं असतं बरंच काही. ब्रेक लागला की नाही, लटकलेला कंटेनर कुठवर आलाय, वारा किती आहे, कॅमेऱ्याला काय दिसतंय, वायपरचं पाणी संपलंय का. दोन निरोप एकाच वेळी तयार झाले तर मोठा, म्हणजे वरच्या वर्गातला, जातो आणि धाकटा थांबतो. गेलेला निरोप वाटेत विरला तर टॉवर म्हणतो, पुन्हा पाठव. आता पुन्हा पाठवायचा निरोप आणि ताजा निरोप यांत आधी कोण? थांबलेल्याला किती वेळ सांभाळायचं? तो थांबलेला असताना त्याच जातीचा नवा आला तर जुना पुसायचा का? हे प्रश्न कुणाला पडत असतील असं आपल्याला वाटत नाही, पण बाबांनी त्यांच्यावर एकवीस वर्षं काढली आणि उत्तरं एका तक्त्यात बसवली. एकतीस ओळी, प्रत्येक ओळीला कारण. गोदीत त्यांना सगळे नंबरमास्तर म्हणायचे. ते निवृत्त झाल्यावर तक्ता माझ्या हाती आला, कारण मीही त्याच विभागात आहे. लोकांच्या लेकींना दागिने मिळतात, असं आई म्हणाली होती.

तर हेड ऑफिसने तपासनीस पाठवला तो सोमवारी. चष्मा, करड्या रंगाचा सदरा, कानामागे पेन्सिल. वयाने माझ्याहून लहान, आणि इतका नम्र की राग यायलाही जागा नाही. त्याची एक पद्धत होती. तो प्रश्न पेन्सिलीने लिहायचा आणि उत्तर पटलं की खोडायचा, फुंकर मारून रबराचा चुरा उडवायचा आणि पुढे जायचा. दुपारपर्यंत त्याच्या कागदावर तीस जागी नुसता पुसट डाग होता आणि एकच प्रश्न शाबूत होता.

"नववी ओळ," तो म्हणाला.

नववी ओळ म्हणजे ड्रायव्हरच्या केबिनमधलं एक बटण. त्यावर लिहिलंय, 'उतरायचंय'. ते दाबलं की खालच्या खोलीत कळतं आणि बदली ड्रायव्हर शिडी चढून वर जातो. तो पोचल्याशिवाय वरच्याला केबिन सोडता येत नाही.

"बटण वर्ग पाचमध्ये आहे. वायपरच्या पाण्याशेजारी. ते ठीक. पण निरोप दोनदा अडला की तो एकदम वर्ग दोनमध्ये जातो. त्याच्या वर फक्त ब्रेक. बाकीचे निरोप वीस सेकंदांत टाकून देतात, हा मात्र 'पोचेपर्यंत सांभाळावा'. बाकी सगळीकडे नवा आला की जुना पुसतात..."

"कंटेनर मघाशी कुठे होता हे कुणाला ऐकायचं असतं?" मी म्हणाले. हे बाबांचं वाक्य होतं.

"बरोबर. मग इथे 'जुन्याला हात लावू नये' असं का?" त्याने पान माझ्याकडे वळवलं. "तुमच्या वडिलांनी वायपरच्या पाण्यावर दीड पान कारण लिहिलंय मॅडम. मला आवडलं ते, दोनदा वाचलं. आणि इथे एकच शब्द. अनुभव."

"त्यांचा अनुभव दांडगा होता."

"अनुभव हे कारण नाही. अनुभव हे वय आहे."

मग त्याने परिस्थिती समजावून सांगितली. हेड ऑफिसकडे दुसऱ्या गोद्यांमध्ये चालणारा एक तयार तक्ता आहे. आमचा ठेवायचा तर त्यातल्या प्रत्येक ओळीचं कारण कागदावर हवं. एक ओळ जरी मर्जीवर चालते असं दिसलं, तर सगळा तक्ताच तयार घ्यायचा, असा नियम. गुरुवारी सकाळी तो सही करून जाणार होता.

"किंवा," जाता जाता तो म्हणाला, "ही ओळ काढून टाका. बटणाला पाण्यासारखंच ठेवा, वर्ग पाच, वीस सेकंद. बाकीच्या तीस ओळींवर मी आत्ता सही करतो. त्या तीस फार सुंदर आहेत."

बाबांबद्दल सात महिन्यांत कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. म्हणजे लोक खूप बोलले, पण ते स्वभावाबद्दल.

त्या दिवशी घरी येऊन मी बाबांच्या वह्या काढल्या. त्या काढताना आई दारात उभी होती.

"काय शोधतेस?"

"नववी ओळ. बटणाला इतकं डोक्यावर का चढवलंय ते कळत नाही."

"अगं, ते होय? त्याचं असं झालं..."

तेवढ्यात माझा फोन वाजला. तपासनीसाला चौदाव्या ओळीत एक स्वल्पविराम खटकला होता. तो मिटेपर्यंत आई आत गेली होती. थोड्या वेळाने पाणी प्यायला गेले तर टेबलावर कप पालथा. मी तो पुसला, फळीवर ठेवला, वहीत तारीख लिहिली. तीस झाल्या.

मंगळवारी पुन्हा तेच. आई म्हणाली, "हे बघ, मला तुला दोन गोष्टी सांगायच्यात," आणि मी म्हणाले, "एक मिनिट हं आई." ते मिनिट जेवणापर्यंत लांबलं आणि जेवताना मी बाबांची एक जुनी वही पुढ्यात घेऊन बसले होते. आई म्हणाली, "साहेबीणबाई, घास तोंडात घाला, कानात जातोय." मी हसले आणि पान उलटलं. एकतिसावी तारीख.

बुधवारी सकाळी मी ठरवलं, ओळ काढायची. तीस वाचत असतील तर एकीसाठी हट्ट कशाला? बाबांकडूनही एखादी चूक झालीच असेल. ती आपण झाकली तर त्यात वाईट काय? फक्त बटण वापरणाऱ्याला एकदा सांगावं म्हणून दुपारी पाळी बदलताना मी चार नंबरच्या क्रेनखाली गेले.

तिथल्या ड्रायव्हर बाईंना गोदीत घार म्हणतात. चाळीस मीटर उंचीवर बसतात आणि खाली कोण उशिरा आलं, कोण सिगरेट ओढतंय, सगळं त्यांना दिसतं. सतरा वर्षं वर आहेत. शिडीवरून उतरल्या, मला पाहिलं आणि म्हणाल्या, "काय मास्तरीणबाई, आज पाय जमिनीवर?"

"तुमच्या केबिनमधल्या बटणाचं विचारायचं होतं."

"कुठल्या? चौदा आहेत. त्यातली अकरा चालतात, दोन चालल्यासारखी वाटतात."

"उतरायचंय."

त्यांनी हातमोजे काढले, एकमेकांवर आपटून धूळ झाडली. "त्याचं काय?"

"ते काढत नाहीये. बटण राहील. फक्त त्याला रांगेत इतकं पुढे ठेवायची गरज नाही असं वाटतंय. तातडीचं असेल तेव्हा तुम्हाला बोलायचा रेडिओ आहेच की."

"आहे ना. त्यावर चाळीस पुरुष ऐकत असतात. त्यांना सांगायचं, मला खाली जायचंय. मग एकाने विचारायचं, आत्ताच तर गेला होतात? मग दुसऱ्याने शिट्टी वाजवायची. दिवसभर करमणूक." त्या माझ्याकडे बघत होत्या. "तू सांगून बघ एकदा."

मला अर्धं कळलं. उरलेलं अर्धं कळून घ्यायची लाज वाटली. "तरी पण कागदावर काहीतरी कारण लागतं हो. बाबांनी नुसतं अनुभव लिहिलंय."

"असं लिहिलंय?" घार एकदम खूश झाल्या. "मग आईला विचार की."

"आईला? आईला रेडिओतलं काय कळतं?"

त्या हसायला लागल्या. शिडीला धरून हसल्या, खाली बसून हसल्या, जवळून जाणाऱ्या दोघांना थांबवून सांगावंसं वाटावं इतक्या हसल्या, पण सांगितलं नाही. डोळे पुसून म्हणाल्या, "अगं, तू नंबरमास्तरांची लेक आहेस हे सगळ्यांना ठाऊक आहे. सिस्टरचीही आहेस हे तुला कुणी सांगितलं नाही का? जा घरी. आणि जाताना कान उघडे ठेव. तोंड नंतर उघड."

हो, हे सांगायचं राहिलं. आई गोदीच्या दवाखान्यात नर्स होती. एकतीस वर्षं. राहिलं कारण मला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

मी घरी लवकर पोचले. स्वयंपाकघरात अजून ऊन होतं. आई टेबलाशी बसली होती आणि तिच्यापुढे कप पालथा होता. माझा हात सवयीने पुढे गेला. आईने कपावर तळवा ठेवला.

"ठेव तो."

"धुतलेला आहे ना? पुसून ठेवते."

"किती वेळा पुसणार आहेस?"

आणि मग मला कळलं. एकतीस तारखा. कप विसरून राहिलेला नव्हता. तो एकदाही विसरून राहिलेला नव्हता.

"आई," मी म्हणाले, "तू मला सांगायचं ना."

"सांगायचंच तर होतं," आई म्हणाली. "तू रोज माझा नंबर धुऊन पुसून फळीवर ठेवत होतीस. मी म्हटलं, बघू तरी किती दिवस ठेवते. तुझ्या बाबांचा उच्चांक तीन दिवसांचा होता."

माझा फोन वाजला. तपासनीस. मी तो न उचलता टेबलावर पालथा ठेवला. आई म्हणाली, "त्यालाही सांगायचंय का? त्याचा नंबर माझ्यानंतर."

"बरं, बोल. नवव्या ओळीचं ना?"

"ते दुसरं. आधी जुनं." तिने कपावरचा हात काढला नाही. "तू तुझ्या घरी जा."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"दीड महिना झाला, हे एक वाक्य तोंडात धरून बसलेय. रागाने नाही म्हणत. तू मी पडू नये म्हणून आलीस ना? आल्या आल्या माझे डबे अकारविल्हे लावलेस. चहा च म्हणून खालच्या फळीवर, साखर स म्हणून सगळ्यात वर. सकाळी एका कपासाठी मी स्टुलावर चढते आणि उतरते. एकटी होते तेव्हा दोन्ही पाय जमिनीवर असायचे."

"मी लावून देते परत."

"मी लावीन. मला येतं." मग म्हणाली, "आणि तू डबे नाही, दुसरंच काही शोधतेस या घरात. माझं सगळीकडे बघून झालंय बाळ. कपाटात, वह्यांत, त्यांच्या कोटाच्या खिशात. खिशात एक बसचं तिकीट निघालं. मी इथे राहीन, मला इथलं सवयीचं आहे. पण तू तुझ्या घरात रड. इथे तू माझ्याकडे बघून थांबवतेस, मी तुझ्याकडे बघून. दोघींचंही जात नाही पुढे."

ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर गेलं होतं. मी विचारलं, "रविवारी गेले तर चालेल?"

"शनिवारीही चालेल," आई म्हणाली आणि तिने कप सरळ केला. मग लगेच पुन्हा पालथा घातला. "आता दुसरं."

दुसरं असं होतं. मी शिकायला बाहेर होते त्या काळात क्रेनवर पाच बायका ड्रायव्हर होत्या. पाचही जणी दवाखान्यात यायच्या, पुन्हा पुन्हा, लघवीला जळजळ आणि ताप घेऊन. आई गोळ्या देऊन कंटाळली. एक दिवस तिने एकीला विचारलं, पाणी किती पितेस? ती म्हणाली, कामावर पीतच नाही सिस्टर. का? तर उतरायला मिळत नाही. बटण दाबतो, कुणी येतच नाही.

"ते ऐकून मी घरी आले आणि म्हटलं, अहो, तुमचं ते बटण. झालं, गोदीतून फोन. मंगळवारी पुन्हा म्हटलं, अहो, तुमचं ते बटण. पुन्हा फोन. बुधवारी मी नुसतं अहो म्हटलं आणि ते म्हणाले, आलोच. गुरुवारी मी त्यांच्यापुढे कप पालथा घातला. म्हटलं, माझं बोलून होईपर्यंत यात चहा पडणार नाही."

"म्हणजे कपाचा नियम..."

"माझा. तुला काय वाटलं?" आई खरोखर चकित झाली होती. "त्यांना सुचला? त्यांना स्वतःचा चष्मा डोळ्यांवर असताना सुचायचा नाही."

मी सुट्टीत घरी आले तेव्हा नियम लागू झालेला होता आणि बाबा चमचा ठोकत होते. न्याय देणाऱ्यालाच मी कायदा करणारा समजले.

"मग ऐकलं त्यांनी. ऐकलं की पूर्ण ऐकायचे, तेवढं होतं. मला म्हणाले, तीन दिवस सांगतेस, मग दरवेळी पहिल्यापासून का सुरू करतेस? मी म्हटलं, तुम्ही मधेच तोडता म्हणून मागचं पुसलं जातं, मग मला पुन्हा रांगेच्या शेवटून यावं लागतं. ते तसेच उठले. चहा न घेता. दुसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणाले, अगं, बायका बटण दाबतात आणि त्याच वेळी कंटेनर लटकत असतो, त्याचे निरोप सारखे पुढे घुसतात. बटण थांबून राहतं आणि वीस सेकंदांनी टाकून दिलं जातं. बाई घाबरून पुन्हा दाबते, तर आधीचं पुसलं जातं आणि ती पुन्हा रांगेच्या शेवटी. जितकं जास्त दाबेल तितकी मागे."

"आणि कारण का नाही लिहिलं?"

"मी लिहू दिलं नाही. पाचच बायका. त्यांची दुखणी गोदीच्या कागदावर? अख्ख्या गोदीने बोटं मोजून ओळखल्या असत्या. ते म्हणाले, मग काय लिहू? म्हटलं, अनुभव लिहा. तर म्हणाले, मला कुठे आहे तो अनुभव, खोटं कसं लिहू? म्हटलं, मला आहे ना. माझा लिहा."

आईने उठून तिच्या शिवणाच्या डब्यातून एक छोटी डायरी आणली. नावं नव्हती. महिने आणि आकडे, तिच्या बारीक अक्षरात. तक्ता बदलण्याआधीच्या सहा महिन्यांत पाच जणींच्या मिळून सत्तावीस खेपा. बदलल्यानंतरच्या सहा महिन्यांत चार.

"आता एकोणीस जणी आहेत वर," आई म्हणाली. "आता लिहिलंस तर कुणी कुणाला ओळखणार नाही. तरी घारीला विचार आधी. ती त्या पाचांतली."

मी फोन सरळ केला आणि घारींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी तुला दुपारीच सांगणार होते, पण शब्द सिस्टरला दिला होता. लिही खुशाल. अक्षर चांगलं काढ."

गुरुवारी सकाळी तपासनीसाने डायरी दोनदा वाचली. पेन्सिल कानामागे गेली आणि परत हातात आली. "हे कारण आहे," तो म्हणाला. "पण ओळ तसं वागते का, ते बघायला हवं."

चार नंबरवर माल चढत होता. आम्ही खालच्या खोलीत पडद्यासमोर बसलो. कंटेनर लटकलेला होता आणि त्याचे निरोप एकामागून एक येत होते, बाकी कशाला फट नव्हती. मी रेडिओवर म्हणाले, "चार नंबर, चाचणी, केव्हाही." वरून काही उत्तर आलं नाही. तपासनीसाने घड्याळाकडे बघायला मनगट वळवलं, तेवढ्यात पडद्यावर ओळ उमटली, 'उतरायचंय'. शेजारी नोंद: दोनदा अडला, तिसऱ्या संधीला पोचला. त्याखाली आणखी तीन दाबल्याच्या खुणा होत्या. पहिल्याला कुणी हात लावला नव्हता.

"दीड सेकंद," तपासनीस म्हणाला. बदली ड्रायव्हरने बाकावरचं हेल्मेट उचललं आणि कुणालाही काही न विचारता तो शिडीकडे चालू लागला. रेडिओवर कुणी चकार शब्द काढला नाही.

"कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

मी सांगितलं. वरचं माणूस पाणी पिऊ शकलं पाहिजे. सोबत आकडे. "आणि अनुभव हा शब्द राहू द्या. पुढे लिहा, दवाखान्यातल्या सिस्टरचा."

त्याने लिहिलं, मग आपल्या कागदावरचा शेवटचा प्रश्न खोडला आणि फुंकर मारली. एकतीस ओळींवर सही झाली. बाहेर पडताना घार समोरून येत होत्या, नेहमीपेक्षा जरा घाईत. त्याने नमस्कार केला आणि चाचणीबद्दल आभार मानले.

"चाचणी कसली साहेब?" घार न थांबता म्हणाल्या. "मला खरंच उतरायचं होतं."

रविवारी मी माझ्या घरी गेले. आई स्टुलावर उभी राहून साखर खाली आणत होती. मी धरते म्हणाले, तर म्हणाली, तुझी बस जाईल. वही मी तिला दाखवली, एकतीस तारखांची. तिने ती नीट वाचली आणि म्हणाली, "अक्षर बाबांचं घेतलंस. बरं झालं, माझं घेतलं असतंस तर डॉक्टरांना वाचता आलं नसतं."

माझ्या घरी सगळ्यावर सात महिन्यांची धूळ होती. खिडक्या उघडल्या, एक कप धुतला, चहा केला आणि टेबलाशी बसले. मग आईला फोन लावला. मला बाबांच्या शेवटच्या दिवसातलं एक सांगायचं होतं, जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी मला काही सांगितलं असं नव्हे. मीच त्यांना काहीतरी म्हणाले होते, जरा हसून, आणि ते कळण्याइतके ते शुद्धीवर होते की नाही, हे मला सात महिने कुणाला तरी विचारायचं होतं.

"आई, त्या दिवशी दुपारी, तू खाली औषध आणायला गेलीस ना, तेव्हा..."

"थांब थांब, दूध उतू जातंय," आई म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी उरलेला चहा संपवला. कप विसळला आणि टेबलावर माझ्यासमोर पालथा घातला. समोरच्या गच्चीत कुणीतरी गाद्या झटकत होतं. आठ मिनिटं झाली. एवढ्या वेळात दूध काय, आख्खी शेगडी पुसून झाली असेल, असं मनात आलं तोच फोन वाजला.

"हं," आई म्हणाली. "बोल. पहिल्यापासून."